ताण आला की केंद्रकात काय बदलते, आणि कांद्याच्या मुळात त्यातले काय दिसू शकते

तुझा प्रश्न इतर वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तू खानापूरची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पासाठी कांद्यांना मुळे फोडलीस, काही कांदे ४२ अंशांच्या पाण्यावर ठेवलेस, काही निपाणीच्या तंबाखूच्या अर्कावर, आणि मुळांची टोके अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवून स्क्वॅश केलीस, म्हणजे काचेवर दाबून पसरलीस. काही पेशींत न्यूक्लिओलस, म्हणजे केंद्रकातला गोल ठिपका, फुगलेला दिसला, काहींत बारका आणि अगदी गोल, काहींत तर दिसलाच नाही. सर म्हणाले, रंगाचा दोष असेल. मग तू वाचायला लागलीस, त्यात ‘न्यूक्लिअर स्ट्रेस बॉडी’ (ताणात केंद्रकात उमटणारे ठिपके) हे नाव सापडले आणि आता त्या कांद्यात शोधते आहेस. ताणाखाली केंद्रकातल्या कोणत्या रचना बदलतात, का बदलतात, आणि तुला दिसले ते खरे की रंगाची करामत, एवढे तुला हवे आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बेळगावात बसून गाठींच्या आणि तोंडातल्या जखमांच्या स्लाइड बघणे हे माझे रोजचे काम. वनस्पतींच्या पेशी मी शिकवण्यापुरत्या पाहते. त्यामुळे आधी प्राण्यांच्या पेशींबद्दल बोलते, कांदा शेवटी घेऊ. पण एक गोष्ट आत्ताच सांगते, तुझा वेळ वाचेल. न्यूक्लिअर स्ट्रेस बॉडी कांद्यात शोधू नकोस. त्या माणसाच्या आणि इतर नरवानर गणातल्या प्राण्यांच्या पेशींत बनतात. उंदराच्या पेशीतही मिळत नाहीत, कांदा तर लांबच राहिला.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे एक गैरसमज पक्का होतो. केंद्रक म्हणजे एक गोल पिशवी, तिच्यात गुणसूत्रांचा गुंता आणि मधोमध एक काळा ठिपका. तो ठिपका जणू पिशवीत ठेवलेला खडा. प्रत्यक्षात न्यूक्लिओलसला आवरणच नाही. केंद्रकातल्या बाकीच्या बारीक रचनांनाही नाही. २०११ साली ब्रँगविन, मिचिसन आणि हायमन यांनी झेनोपस बेडकाच्या अंडपेशीतले न्यूक्लिओलस तासन्‌तास बघितले. ते द्रवासारखे वागतात असे दिसले: दोन एकमेकांना टेकले की मिसळतात आणि मिसळून पुन्हा गोल होतात. आतली बरीच प्रथिने तर सतत ये-जा करत असतात. एक रेणू काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतच आत टिकतो. मग हा गोळा एकत्र राहतो कशावर? मुख्यतः तिथे त्या क्षणी तयार होत असलेल्या आरएनएवर, म्हणजे जनुकांच्या नकलेवर. आरएनए बनत राहतो, प्रथिने त्याला चिकटत राहतात, म्हणून आकार टिकतो. काम अडले की काही मिनिटांत आकार बदलू लागतो, आणि काम कुठे अडले त्यावर तो कसा बदलेल हे ठरते. माझ्या मते या विषयात लक्षात ठेवण्यासारखे एवढेच आहे. पुढचे सगळे त्याचे तपशील. ‘ताणाने न्यूक्लिओलस बिघडला’ असे वाक्य प्रकल्पात आले, की मी विद्यार्थ्याला विचारते: कुठले काम थांबले होते?

न्यूक्लिओलसमध्ये रायबोसोम, म्हणजे पेशीची प्रथिने बनवणारी यंत्रे, बनतात. वाढणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत मिनिटाला सुमारे २,००० रायबोसोम तयार होतात. कोणत्याही पेशीतला बहुतेक आरएनए, ढोबळमानाने ८० टक्के, हा रायबोसोमचाच असतो. माणसात त्याची जनुके १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांच्या आखूड बाहूंवर शेकड्यांनी रांगेत बसलेली आहेत. रायबोसोमची जनुके जिथे असतात तिथेच न्यूक्लिओलस उभा राहतो. ही जागा बार्बरा मॅक्लिंटॉकने मक्याच्या गुणसूत्रावर १९३४ मध्येच दाखवली होती. एवढे खर्चिक काम पेशी ताणात चालू ठेवणार नाही, हे उघड आहे. उपासमार झाली, ऊर्जा कमी पडली, डीएनएला इजा झाली, की रायबोसोमची जनुके वाचून आरएनए बनवणारे पॉलिमरेज-१ नावाचे यंत्र पहिल्यांदा मंदावते. त्यासाठी एमटॉरसारख्या अन्न-ऊर्जेची खबर ठेवणाऱ्या मार्गांकडून थेट आदेश येतो. म्हणजे न्यूक्लिओलसचा सुरुवातीचा बदल म्हणजे पेशीने घेतलेली काटकसर; बिघाड झाला तर तो नंतरचा.

आता आकारांकडे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्यूक्लिओलसचे तीन थर दिसतात. सर्वांत आत जनुके आणि पॉलिमरेज-१, त्याभोवती दाट तंतूंचा थर, तिथे कच्चा आरएनए तासला-कापला जातो, आणि बाहेर कणीदार थर, तिथे रायबोसोमचे दोन भाग बांधून होतात. चिकोडीकडे गुऱ्हाळ पाहिले असशील तर हे सोपे जाईल: घाणा, काहील आणि ढेपा घालण्याची जागा. घाणाच बंद पडला, म्हणजे पॉलिमरेज-१ थांबले, तर रस येत नाही. थर एकमेकांपासून सुटतात आणि आतला माल न्यूक्लिओलसच्या कडेला टोप्यांसारखा जाऊन बसतो. उरलेला गोळा लहान आणि अगदी गोल होतो. कमी मात्रेतल्या अ‍ॅक्टिनोमायसिन-डी या औषधाने हे हुकमी दिसते. घाणा चालू आहे पण काहिलीखालचा जाळ विझला, म्हणजे सुरुवातीची कापाकापी अडली, तर न्यूक्लिओलस उसवतो आणि मण्यांच्या माळेसारखा केंद्रकभर पसरतो. डीआरबी किंवा फ्लेवोपिरिडॉल दिल्यावर ही माळ दिसते. आणि ढेपा घालणेच अडले, म्हणजे अगदी शेवटचा टप्पा बिघडला, तर बाहेरून बघणाऱ्याला गुऱ्हाळ चालूच वाटते. २०१० साली कर्करोगाच्या तीसेक औषधांची अशी तपासणी झाली, तेव्हा ५-फ्लोरोयुरॅसिल हे औषध याच तिसऱ्या गटात निघाले. रायबोसोम नीट बनत नव्हते, पण न्यूक्लिओलस शाबूत दिसत होता. तुझ्यासाठी याचा अर्थ असा की न्यूक्लिओलस नेहमीसारखा दिसला म्हणजे ताण नाही असे म्हणता येत नाही, आणि लहान गोल आणि विखुरलेला या दोन वेगळ्या बातम्या आहेत. त्यांना एकाच रकान्यात ‘विकृत’ म्हणून टाकू नकोस.

हीच औषधे बेळगावच्या रुग्णालयांत रोज लटकवली जातात. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात सिसप्लॅटिन, आतड्याच्या कर्करोगात ऑक्झॅलिप्लॅटिन आणि ५-फ्लोरोयुरॅसिल. सिसप्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही दोन्ही प्लॅटिनमची, नावातही साम्य, म्हणून बराच काळ दोन्ही डीएनए जोडून पेशी मारतात असेच शिकवले जाई. २०१७ मध्ये दिसून आले की ऑक्झॅलिप्लॅटिनचा मारा मुख्यतः रायबोसोमच्या उत्पादनावर पडतो. एकाच धातूच्या दोन औषधांचा ताण केंद्रकात वेगळ्या ठिकाणी बसतो.

न्यूक्लिओलस बिघडल्याची खबर बाकी पेशीला कशी लागते, हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. पी५३ नावाचे प्रथिन पेशीची वाढ थांबवते, गरज पडल्यास पेशीला मरायला लावते. एरवी एमडीएम२ हे दुसरे प्रथिन त्याला पकडून नष्ट करत असते, म्हणून पी५३ ची पातळी कमी राहते. रायबोसोमची बांधणी अडली की आरपीएल५ आणि आरपीएल११ हे सुटे भाग, ५-एस आरएनएसह, वापराविना उरतात आणि एमडीएम२ ला जाऊन चिकटतात. एमडीएम२ अडकले की पी५३ वाचते आणि साचू लागते. २००३ साली रुबी आणि मिल्नर यांनी याला एक कसोटी लावली. त्यांनी अतिनील किरण बारीक छिद्रांतून सोडले, म्हणजे केंद्रकाच्या काही भागालाच इजा होईल आणि न्यूक्लिओलस वाचेल. डीएनए दुखावला होता, पण न्यूक्लिओलस शाबूत होता, आणि पी५३ वाढले नाही. त्यांचा निष्कर्ष सगळ्या ताणांना जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणणार नाही, डीएनएच्या इजेपासून पी५३ पर्यंत जाणारे इतर रस्तेही आहेत. तरी न्यूक्लिओलसकडे ‘रायबोसोमचा कारखाना’ एवढ्याच नजरेने बघणे त्या प्रयोगानंतर संपले.

आमच्याकडे येणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात मात्र ही घंटा पुष्कळदा वाजूनही ऐकली जात नाही, कारण त्यातल्या अनेकांत पी५३ चेच जनुक आधी बिघडलेले असते. मग उलटे चित्र दिसते: न्यूक्लिओलस मोठा, ठळक, कधी दोन-तीन, पेशी बेलगाम रायबोसोम बनवते आहे. स्लाइडवर ठळक न्यूक्लिओलस दिसला की आम्ही सावध होतो ते त्यामुळे. पण जखम भरताना निरोगी पेशीचाही न्यूक्लिओलस मोठा होतो, म्हणून एकट्या त्याच्यावर कोणी निदान करत नाही. तुझा ‘फुगलेला’ न्यूक्लिओलसही आधी असाच वाचून बघ: ती पेशी जोरात वाढत होती का?

आता उष्णता. १९६२ मध्ये इटलीत फेरुचिओ रितोस्सा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतली जाड गुणसूत्रे बघत होता. प्रयोगशाळेतल्या कोणीतरी इनक्युबेटरचे तापमान वाढवून ठेवले. दुसऱ्या दिवशी गुणसूत्रांवर नेहमीच्या जागा सोडून भलत्याच ठिकाणी फुगवटे आले होते. तिथली जनुके जागी झाली होती. एका नामांकित नियतकालिकाने तो लेख नाकारला, तो दुसरीकडे छापून आला, आणि त्या फुगवट्यांतून कोणती प्रथिने बनतात हे कळायला १९७४ उजाडले. त्यांनाच आज आपण हीट शॉक प्रथिने म्हणतो. ती बिघडलेल्या घडीच्या प्रथिनांना सावरतात.

न्यूक्लिओलसवर उष्णतेचा परिणाम १९६७ मध्ये सिमार आणि बर्नहार्ड यांनी दाखवला. प्राण्यांच्या पेशी नेहमीपेक्षा थोड्या जास्त तापमानात ठेवल्या की बाहेरचा कणीदार थर विरघळल्यासारखा नाहीसा होतो, आणि पेशी पुन्हा ३७ अंशांवर आणल्या की परत येतो. परत येतो, हे शब्द अधोरेखित कर. पुढे २०१९ मध्ये याच कणीदार थराचे एक वेगळे काम समोर आले. उष्णतेने घडी बिघडलेली केंद्रकातली प्रथिने तिथे येऊन थांबतात, एकमेकांना चिकटून गठ्ठा होण्यापासून वाचतात, आणि ताण सरल्यावर एचएसपी७० हे हीट शॉक प्रथिन त्यांना सोडवून घेते. ताण फार लांबला तर मात्र तो थर द्रवाचा घट्ट होतो आणि सोडवणूक होत नाही. म्हणून उष्णतेचा प्रयोग करताना किती तापमान यापेक्षा किती वेळ, आणि नंतर किती विसावा, हे प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

तुझ्या न्यूक्लिअर स्ट्रेस बॉडी इथेच येतात. माणसाची पेशी ४२ अंशांवर तासभर ठेवली की एचएसएफ१ हे प्रथिन, जे हीट शॉक जनुकांना जागे करते, केंद्रकात काही ठिकाणी ठळक ठिपके करून बसते. सुरुवातीला सगळ्यांना वाटले की हीट शॉक जनुके तिथेच असतील. तसे नव्हते. मुख्य ठिपके गुणसूत्र ९ च्या मध्यबिंदूजवळच्या एका पट्ट्यावर असतात, तिथे सॅटेलाइट-३ नावाचा डीएनए पुन्हा पुन्हा तोच मजकूर घेऊन पसरलेला आहे. एरवी हा पट्टा घट्ट बंद असतो, त्याला कोणी वाचत नाही. २००४ मध्ये दोन गटांनी दाखवले की उष्णतेत एचएसएफ१ तो वाचायला लावते, आणि त्यातून बनलेला लांब आरएनए जिथल्या तिथे राहून स्प्लायसिंगची, म्हणजे आरएनएमधले नको ते तुकडे काढून उरलेले जोडणारी, प्रथिने आपल्याभोवती गोळा करतो. ताण ओसरू लागला की याच ठिकाणी त्या प्रथिनांवर फॉस्फेट चढते, आणि त्यामुळे अनेक जनुकांचे आरएनए अर्धे कापलेले, इंट्रॉनसह (म्हणजे त्या नको असलेल्या तुकड्यांसह) केंद्रकात थोपवले जातात. सॅटेलाइट-३ चा हा मजकूर नरवानर गणाबाहेर नाही. जागाच नाही तर ठिपका कुठे बसणार?

यात एक फसवी गोष्ट आहे. ठिपके मोठे आणि ठळक म्हणजे पेशी ताणाशी चांगली झुंजते आहे, असे सहज वाटते. २०२० च्या एका अभ्यासात पेशी एकेक करून बघितल्या तेव्हा उलट दिसले. ज्या पेशींत एचएसएफ१ चे ठिपके वेळेत विरघळले त्या तगल्या. ज्यांत ते टिकून घट्ट होत गेले त्यांत हीट शॉक जनुकांचे काम मंदावले आणि त्या पेशी मेल्या. ताणाच्या ऐन क्षणी काढलेल्या एका फोटोवरून यातले काहीच कळले नसते.

(जाता जाता: व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उन्हात गेल्याने पेशीचे केंद्रक जळते’ असले काही फिरत असते. ४२ अंश हे प्रयोगातल्या पेशीचे तापमान आहे, हवेचे नाही. बाहेर पारा ४० ला गेला तरी घाम येणाऱ्या निरोगी माणसाचे शरीर ३७ च्या आसपासच राहते. आपला बेळगावचा उन्हाळा तर त्यामानाने गरीबच.)

बाकीच्या रचनांबद्दल पटकन सांगते. न्यूक्लिअर स्पेकल म्हणजे स्प्लायसिंगच्या सामानाचे साठे. जनुकवाचन थांबले की ते वेडावाकडा आकार सोडून मोठे गोल होतात. काहाल बॉडी रामोन इ काहालने १९०३ मध्ये नोंदवली. अतिनील किरणांनी ती फुटून विखुरते. पॅरास्पेकल २००२ मध्ये सापडले. नीट१ नावाच्या लांब आरएनएवर ते उभे राहतात, आणि विषाणू, ऑक्सिजनची कमतरता अशा अनेक ताणांत वाढतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की तुटीभोवतीच्या एच२एएक्स या हिस्टोनवर (डीएनए ज्यांवर गुंडाळलेले असते त्यांतल्या एका प्रथिनावर) फॉस्फेट चढते आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकात ठिपके मोजता येतात. १९९८ पासून हा मोजमापाचा एक भरवशाचा मार्ग आहे. केंद्रकाची भिंतही ताण झेलते: पेशी अरुंद जागेतून घुसताना केंद्रकाचे आवरण फाटू शकते, आणि पेशी ते पुन्हा सांधते.

पीएमएल बॉडीजवळ मात्र थांबते, कारण त्यांनी माणसे वाचवली आहेत. पीएमएल हे प्रथिन केंद्रकात काही मोजक्या पोकळ गोळ्या बनवते. ऑक्सिडेटिव्ह ताणात त्याचे रेणू एकमेकांना जास्त जोडले जातात आणि गोळ्या वाढतात. अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात गुणसूत्र १५ आणि १७ यांची अदलाबदल होते, पीएमएलचे जनुक दुसऱ्या एका जनुकाला चिकटते, आणि त्या गोळ्या फुटून केंद्रकभर बारीक भुकटी होते. हा आजार अचानक रक्तस्राव करून दोन-चार दिवसांत माणूस नेत असे. उपचार काय निघाला? सोमल. आर्सेनिक ट्रायऑक्साइड थेट पीएमएलला चिकटते, भुकटी पुन्हा गोळ्यांत जमा होते, आणि ते जोडलेले विकृत प्रथिन नष्ट केले जाते. जीवनसत्त्व अ पासून बनलेल्या रेटिनोइक अ‍ॅसिडसोबत दिल्यावर यातले बहुतेक रुग्ण बरे होतात. केंद्रकातली एक रचना फुटली म्हणून रोग, आणि ती जुळवून आणली म्हणून बरे होणे, असे दुसरे एवढे स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता तुझा कांदा. वनस्पतींत पी५३ नाही. त्यामुळे वर सांगितलेली एमडीएम२ ची साखळी कांद्याला लावू नकोस, तोंडी परीक्षेत कोणी खोदून विचारले तर अडकशील. वनस्पतींतही न्यूक्लिओलसच्या ताणाची खबर पुढे जाते, पण निरोप्या वेगळा. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेत वापरतात त्या मोहरीच्या कुळातल्या रोपात) एएनएसी०८२ हे प्रथिन ते काम करते.

‘दिसलाच नाही’ या पेशी आधी वेगळ्या काढ. मुळाचे टोक विभाजनाने गजबजलेले असते. प्रोफेज, म्हणजे विभाजनाचा पहिला टप्पा, संपता संपता न्यूक्लिओलस आपसूक विरतो आणि टेलोफेजमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, परत येतो, ताण असो वा नसो. म्हणून मोजणी फक्त इंटरफेजच्या, म्हणजे विभाजन चालू नसलेल्या, पेशींची कर. दुसरे, एका केंद्रकात दोन-तीन न्यूक्लिओलस दिसणेही साधे आहे; विभाजनानंतर ते सुटे उगवतात आणि हळूहळू मिसळतात. तिसरे, टोकापासून वर जावे तसे लांब होणाऱ्या पेशी लागतात आणि त्यांचे न्यूक्लिओलस लहान असतात. प्रत्येक मुळाचे टोकाकडचे २ मिलिमीटरच घे, नाहीतर तू ताण मोजण्याऐवजी मुळाची लांबी मोजत बसशील.

रंगाबद्दल सरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अ‍ॅसिटोकार्मिन क्रोमॅटिनला, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याला, रंगवते. न्यूक्लिओलस त्यात फिकट भोकासारखा दिसतो, आणि फिकट भोक म्हणजे हवेचा बुडबुडाही असू शकतो. त्यासाठी चांदीचा रंग वापर. न्यूक्लिओलसमधली काही प्रथिने चांदी पकडतात आणि पिवळट पार्श्वभूमीवर न्यूक्लिओलस गडद तपकिरी उठतो. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशिअल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये टोके फिक्स कर, ४५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये मऊ करून स्क्वॅश कर, कव्हरस्लिप काढ. १ टक्का फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये २ टक्के जिलेटिन विरघळव. त्याचा एक भाग आणि ५० टक्के सिल्व्हर नायट्रेटचे दोन भाग वापरायच्या क्षणीच मिसळ, आणि अंधारात, कोमट जागी, रंग चढताना बघत राहा. स्लाइडला दोन-तीन थेंब पुरतात, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा नाही. धुवायला डिस्टिल्ड वॉटरच हवे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्लोराइड चांदीबरोबर साका धरते आणि स्लाइडभर काळे ठिपके पडतात. मग सर पुन्हा रंगाचा दोष म्हणतील आणि या वेळी पूर्ण बरोबर असतील. हातमोजे घाल, नाहीतर आठवडाभर बोटे काळी.

४२ अंशांच्या पाण्यात आणखी एक ताण लपलेला आहे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणजे मुळे भाजली जात असतानाच गुदमरतही असतात. पाण्यात बारीक पंपाने हवा सोड, आणि २५ अंशांच्या कंट्रोललाही, म्हणजे तुलनेसाठी ताणाविना ठेवलेल्या गटालाही, तशीच सोड. गरम केल्यावर लगेच, २ तासांनी, ६ तासांनी आणि २४ तासांनी टोके काढ. मैत्रिणीला स्लाइडवर नुसते क्रमांक घालायला सांग, म्हणजे मोजताना कुठली गरम आणि कुठली कंट्रोल हे तुला कळणार नाही. केंद्रकाच्या क्षेत्रफळाला न्यूक्लिओलसचे क्षेत्रफळ किती, हे गुणोत्तर मोबाइलच्या फोटोवर इमेज-जे या मोफत प्रोग्रामने काढता येते. डोळ्याने ‘मोठा-लहान’ ठरवणे इथे चालत नाही. मी आयुष्यभर डोळ्यानेच बघत आले आहे, म्हणून सांगते.

तंबाखूचा अर्क मी वगळला असता. निपाणीचा माल म्हणून प्रकल्पाला शोभतो खरा, पण त्यात निकोटिनबरोबर क्षार, आम्ले आणि आंबवताना तयार झालेली किती तरी द्रव्ये असतात. न्यूक्लिओलस बदलला तर त्यातल्या कशाने? ठेवायचाच असेल तर अर्काचा पीएच मोज आणि त्याच पीएचच्या पाण्याचा वेगळा कंट्रोल ठेव. आणि तिथे न्यूक्लिओलसपेक्षा विभाजनाकडे बघ: गुणसूत्रांचे पूल, मागे राहिलेले तुकडे, आणि त्या तुकड्यांतून बनलेली सूक्ष्मकेंद्रके. तंबाखू हाताळणाऱ्या आणि चघळणाऱ्या माणसांच्या गालाच्या आतल्या पेशींतही हीच सूक्ष्मकेंद्रके मोजली जातात, त्यामुळे तुलनेला अर्थ येतो. अर्कात उघडे हात घालू नकोस, निकोटिन कातडीतून शिरते.

त्यापेक्षा तुझ्याच तालुक्यातला एक ताण घेऊन बघ. खानापूरच्या पावसाळी भागातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, आणि आम्ल मातीत अ‍ॅल्युमिनिअम विरघळून मुळांना लागते. पीएच साडेपाचच्या खाली गेला की हा त्रास सुरू होतो आणि पहिला मार मुळाच्या टोकावरच पडतो. पीएच ४.५ ला ठेवलेल्या अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइडच्या द्रावणात कांद्याची मुळे वाढवून चांदीने रंगवली, की न्यूक्लिओलसचा माल केंद्रकाबाहेर पेशीद्रवात आलेला दिसू शकतो. हे अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये कधीच दिसले नसते. कंट्रोल मात्र पीएच ४.५ चाच, अ‍ॅल्युमिनिअमशिवाय.

सगळ्या गटांत मुळाची लांबी रोज फूटपट्टीने मोजून ठेव. २४ तासांनी न्यूक्लिओलस कंट्रोलसारखा झाला आणि मूळही वाढू लागले, तर अहवालात ‘तात्पुरती कपात’ असे लिही. न्यूक्लिओलस परतला नाही आणि मूळही थांबले, तर ‘इजा’ लिही. न्यूक्लिओलस परतला पण मूळ थांबलेलेच राहिले, तर घाईने काही लिहू नकोस. चार कांदे जास्त घेऊन ४८ तासांचा गट वाढव आणि आकडे मला पाठव.